शिंगराचा रतीब : दख्खनच्या अश्वपालनातील एक दुर्लक्षित प्रकरण

औरंगपुऱ्याच्या जुन्या वस्तीत सकाळी ठरल्या वेळी दारात दूध येते, त्यास आपण 'रतीब' म्हणतो. शब्द मूळचा अरबी आहे. 'रातिब' म्हणजे नेमून दिलेले, ठरीव. फार्सी दप्तरांच्या वाटेने तो दख्खनच्या कारभारात शिरला आणि तेथे त्यास एक विशेष अर्थ चिकटला : पागेतील जनावरास दररोज मापाने द्यावयाचे खाद्य. घोड्याचा रतीब, हत्तीचा रतीब असे तेव्हा म्हणत. पुढे पागा मोडल्या, घोडी गेली आणि बेवारशी झालेला हा शब्द दुधाच्या किटलीवर येऊन स्थिरावला. त्याच वस्तीतील एखाद्या किराणा दुकानात कुळीथ मागावा, म्हणजे दुकानदार 'हुलगे ना?' असे विचारून पोत्यात माप घालतो. ह्या धान्याचे माडगे आणि शेंगोळे आपल्याकडे आवडीने होतात. परंतु इंग्रजीत त्याचे नाव 'हॉर्स-ग्रॅम' असे आहे, म्हणजे घोड्याचे धान्य. त्यातील 'ग्रॅम' हा शब्दही इंग्रजी नव्हे, धान्यवाचक पोर्तुगीज 'ग्रांव'चे ते रूपांतर होय. दूध आणि कुळीथ ह्या दोन वस्तू एका गल्लीत मिळतात. घोड्याच्या पिल्लाची हाडे कशावर घडत, ह्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर ह्या दोहोंत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मराठ्यांच्या इतिहासात घोडा पदोपदी भेटतो. किती घोडी पागेची, किती शिलेदारांची, कोणत्या मोहिमेत किती पडली, ह्याच्या याद्या आहेत. तोबरा, खरारा, खोगीर, आगाडी, पिछाडी, नालबंद, मोतद्दार असा त्याचा शब्दपरिवारही विपुल आहे. परंतु हा सारा परिवार चार वर्षांच्या पुढील, खोगीर घातलेल्या घोड्याभोवती उभा आहे. त्यापूर्वीच्या चार वर्षांत हाड वाढते, सांधा बसतो आणि पुढे जनावर कामास येणार की लंगडणार हे ठरते. त्या काळाविषयी आपले इतिहासग्रंथ जवळजवळ मुके आहेत. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने घोड्याच्या तोंडात हात घालू नये असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तही आहे. पण जुन्या ग्रंथांतील मापांचे शब्द नीट लावल्यावाचून हे प्रकरण उलगडत नाही, आणि ते काम आमच्या वाट्याचे आहे.

प्रथम हाडाविषयी थोडे. घोड्याचे पिल्लू विलक्षण वेगाने वाढते. पाचशे किलो वजन होणारा घोडा सहा महिन्यांचा असताना सुमारे २१६ किलोचा व वर्षाचा होताच ३२० किलोच्या घरात गेलेला असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार अशा सहामाही पिल्लास रोज सुमारे ३८.६ ग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि २१.५ ग्रॅम फॉस्फरस लागतो. चुना फॉस्फरसाच्या पावणेदोन पटींहून थोडा अधिक, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. ते उलटे झाले तर शरीर रक्तातील चुना राखण्यासाठी तो हाडातून ओढून घेते, हाड सच्छिद्र होते, जबड्याची व नाकाची हाडे फुगतात आणि जनावर पाय बदलत लंगडू लागते. युरोपात ह्या विकारास चक्कीवाल्याच्या घोड्याचा रोग म्हणत. कारण उघड आहे : चक्कीवाल्याच्या घरी कोंडा फुकट, म्हणून घोड्याच्या पुढ्यात कोंडाच. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस चुन्याच्या सुमारे दहापट असतो. फिलिपाइन्समध्ये अमेरिकी लष्कराच्या घोड्यांत हाच रोग पसरला, तेव्हा किंटनर व होल्ट ह्या दोघांनी त्याचा छडा लावून १९३२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेथे दोष भाताच्या कोंड्याचा निघाला. आमच्या शहरातील अठराव्या शतकातील पाणचक्कीवरून जाताना हा रोग हटकून आठवतो. त्या चक्कीचा कोंडा कोणी खाल्ला ह्याची नोंद नाही. ती केवळ माझी खोड.

तृणधान्याचा दुसरा दोष असा की त्यातील पिष्ट झपाट्याने पचते. पिल्लास एकदम भारी खुराक दिल्यास मांस व वजन पुढे धावते आणि सांध्यातील कूर्चेचे हाड होण्याची क्रिया मागे पडते. कूर्चा जागोजागी कच्ची राहते, तिचा कपचा सुटतो, सांध्यात पाणी भरते. म्हणजे कमी खाऊन जसे पिल्लू बिघडते, तसे उगाच भरभरून खाऊनही बिघडते. तेव्हा पिल्लाच्या आहारात तीन गोष्टी पाहावयाच्या : चुना कोठून येतो, प्रथिन कशाचे आहे, आणि खाद्य किती सावकाश वाढते. ह्या तिन्ही कसोट्या जुन्या ग्रंथांस लावून पाहू.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात व्यालेल्या घोडीचा आहार आधी येतो आणि मग पिल्लाचा, हा क्रमच मार्मिक आहे. घोडीस पहिल्या तीन रात्री तूप पाजावे. नंतर दहा रात्री सातूचे पीठ, स्नेह व औषध. त्यापुढे शिजविलेले धान्य, गवत आणि ऋतुमानाप्रमाणे आहार. पिल्लासाठी ग्रंथकाराचा शब्द 'किशोर' असा आहे. मराठीत आज आपण किशोर म्हटले की पौगंडावस्थेतील मुलगा समजतो, पण अथर्ववेदापासून ह्या शब्दाचा मूळ अर्थ घोड्याचे पिल्लू हाच आहे. दहा दिवसांच्या पुढे ह्या किशोरास एक कुडुब सातूचे पीठ, त्याच्या चतुर्थांश तूप आणि एक प्रस्थ दूध, असे सहा महिन्यांपर्यंत चालावे. सहा महिन्यांनंतर यवाचा एक प्रस्थ सुरू करावा आणि तो महिन्यागणिक 'अर्ध' वाढवीत तीन वर्षांपर्यंत न्यावा. तीन ते चार वर्षे एक द्रोण. चार किंवा पाच वर्षांचा झाला म्हणजे तो पूर्ण वाढलेला व कामास योग्य समजावा.

येथेच घोडे पेंड खाते. महिन्यागणिक 'अर्धवृद्धी' म्हणजे नेमके काय? आधीच्या महिन्याच्या निम्म्याने वाढ, असा अर्थ घेतला तर तीस महिन्यांत एका प्रस्थाचे जवळजवळ एक लाख नव्वद हजार प्रस्थ होतात. ते एका शिंगराने खावयाचे तर सारे कोठार रिकामे झाले असते. दुसरा अर्थ, दर महिन्यास अर्धा प्रस्थ अधिक, असा. रा. प. कंगले ह्यांच्या १९६० ते १९६५ ह्या काळात मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेल्या तीन भागांच्या आवृत्तीने हा ग्रंथ अभ्यासकांच्या हाती चांगल्या रूपात आला. ती समोर ठेवून मी एकदा वर्गात हे गणित फळ्यावर मांडले. सहा महिन्यांचे शिंगरू एका प्रस्थापासून निघते. तीन वर्षांपर्यंत तीस महिने उरतात. तीस अर्धे म्हणजे पंधरा प्रस्थ. मूळचा एक मिळवून सोळा. आणि सोळा प्रस्थांचा एक द्रोण! म्हणजे तिसरे वर्ष संपताना वाढ ज्या अंकावर येऊन पोहोचते, नेमका तोच अंक ग्रंथकार पुढील वर्षासाठी 'द्रोण' ह्या शब्दाने सांगतो. एका शब्दाचा अर्थ बेरजेने सिद्ध होण्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

हे केवळ शब्दाचे कोडे नव्हे. ह्या वाक्यामागे एक धोरण आहे. वाढ सरळ रेषेत, कोठेही उडी नाही, आणि चौथ्या वर्षीही मोठ्या उत्तम घोड्याच्या निम्मे. कारण उत्तम घोड्यास ह्याच प्रकरणात दोन द्रोण सांगितले आहेत. गुडघ्यावरील लांब हाडाच्या खालच्या टोकाची वाढ घोड्यात दोन ते अडीच वर्षेपर्यंत चालू असते, असे आजचे पशुवैद्यक सांगते. चार वर्षांपूर्वी काम नाही आणि तोवर खाद्य पायरीपायरीने, हा कौटिल्याचा नियम त्याशी जुळतो. उणीव एकच : त्याचे धान्य यव आहे, आणि यवात चुना कमी. ती भरून काढण्यास गवत किती व कसले, ह्यावर सारे अवलंबून राहणार.

आता अठराशे वर्षे सोडून अकबराच्या तबेल्यात येऊ. अबुल फज्ल ह्याच्या आईन-इ-अकबरीत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, पिल्लाचा आहार स्वतंत्रपणे दिला आहे. पहिले तीन महिने आईचे दूध. पुढे नऊ महिने दोन गायींचे दूध. मग सहा महिने रोज पावणेतीन शेर दाणा. त्यानंतर दर सहा महिन्यांनी एकेक शेर वाढवीत तिसरे वर्ष पुरे करावयाचे. तेथून पुढे मोठ्या घोड्याचा नियम लागू. हा शेर तीस दामांचा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ६२७ ग्रॅमचा. त्या हिशेबाने वर्षाच्या शिंगरास सुमारे १.७ किलो, दीड वर्षांच्यास २.३५, दोन वर्षांच्यास ३ आणि अडीच वर्षांच्यास ३.६ किलो दाणा पडतो. खासा घोड्यास साडेसात शेर, म्हणजे ४.७ किलो. पुन्हा तीच चढण, तीच सावकाशी. कौटिल्याचा ग्रंथ अबुल फज्लपुढे नव्हता. दोघांच्याही पुढे घोडा होता, एवढे पुरेसे आहे.

ह्यात खरोखर विचार करण्याजोगा भाग दोन गायींच्या दुधाचा. वरवर पाहता ही बादशाही उधळपट्टी वाटते. परंतु गायीच्या दुधात लिटरमागे सुमारे १.२ ग्रॅम चुना असतो आणि तो फॉस्फरसाहून अधिक असतो. शिवाय हाड ज्या प्रथिनाच्या जाळीवर चुना धरते, त्या प्रथिनास लागणारे लायसीन दुधात भरपूर असते व तृणधान्यात तोकडे. दोन गायींचे मिळून चार-पाच लिटर धरले तरी पाच-सहा ग्रॅम चुना झाला. मध्यम चणीच्या पिल्लास लागणाऱ्या चुन्याचा तो चौथाई हिस्सा होय. दूध पचविणारा पाचकरस घोड्याच्या आतड्यात साधारणतः तीन वर्षांपर्यंत टिकतो व मग ओसरतो; म्हणून वर्षभर दूध हे पिल्लास सोसणारे होते. मोठ्या घोड्यास हिवाळ्यात शिजविलेले कडधान्य द्यावे, असेही तेथे सांगितले आहे. ह्या कडधान्यापाशी आपण दख्खनच्या सीमेवर येतो.

दख्खनमध्ये घोड्याच्या दाण्यास 'चंदी' म्हणतात, आणि येथील चंदी म्हणजे मुख्यत्वे कुळीथ व हरभरा. अरबस्तान व इराणात घोडा यवावर वाढला, युरोपात ओटवर; दख्खनात तो द्विदल धान्यावर वाढला. ह्याचे पहिले कारण भूमीचे आहे. कुळीथ हलक्या, मुरमाड जमिनीत, तुटपुंज्या पावसावर येतो. तो येथला फार जुना रहिवासी आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननातही कुळथाचे दाणे मिळाले. (इनामगाव ज्या नदीकाठी आहे तिचे नाव घोड. नावावरून व्युत्पत्ती रचण्याचा मोह मी येथे आवरतो.) शब्दांचीही साक्ष पाहण्याजोगी आहे. कोकणात 'कुळीथ' हे संस्कृत 'कुलत्थ'चे सरळ वंशज नांदते, तर घाटावर व मराठवाड्यात 'हुलगा' चालतो. त्याच्या शेजारी कन्नडचा 'हुरळी' आणि तेलुगूचा 'उलव' ठेवला की तिन्ही एका पंक्तीत बसतात. धान्य कोरडवाहू दख्खनचे आहे आणि नावही तिकडचेच.

दुसरे कारण, नव्हे परिणाम, हाडाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९७१ साली प्रसिद्ध केलेली भारतीय अन्नांची कोष्टके सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांत शंभर ग्रॅम कुळथात चुना २८७ मिलिग्रॅम व फॉस्फरस ३११. हरभऱ्यात २०२ व ३१२. ज्वारीत मात्र चुना २५ आणि फॉस्फरस २२२. सातूत २६ व २१५. म्हणजे ज्वारी किंवा सातू खाणाऱ्या पिल्लाच्या दाण्यात फॉस्फरस चुन्याच्या आठ-नऊ पट, आणि कुळीथ खाणाऱ्याच्या दाण्यात दोन्ही जवळजवळ समसमान. कुळथानेही पावणेदोनास एक हे प्रमाण साधत नाही, ही गोष्ट कबूल केली पाहिजे. तो हिशेब पुरा करावयास चारा लागतोच. परंतु चाऱ्यावर पडणारे ओझे कुळथाने फार हलके होते. लायसीनही द्विदलात तृणधान्याहून कितीतरी अधिक. मद्रास इलाख्यात घोड्यांना कुळीथ उकडून देत आणि उत्तरेकडे हरभरा भरडून, हा भेदही अर्थपूर्ण आहे. कुळथाचा दाणा कठीण असतो, त्यात पचनास अडथळा करणारी द्रव्ये असतात, आणि ती भिजवून उकडल्याने बरीचशी निकामी होतात. मोतद्दारास हे रसायन ठाऊक नव्हते. कच्च्या कुळथाने घोड्याचे पोट दुखते, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

आता आमच्या शहराकडे व मराठ्यांच्या पागांकडे वळू. १६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली, तीच पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाच्या नावाने औरंगाबाद झाली आणि आज छत्रपती संभाजीनगर आहे. अंबराचे बळ मराठी स्वारांच्या हलक्या घोडदळात होते. मोगलांच्या बाजूने आलेल्या राजपूत सरदारांच्या तळांवरून करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा ही नावे पडली. भारी अंगाचे आयात घोडे आणि मुलखातील चपळ तट्टे एकाच नहरीचे पाणी पीत होती, असे हे शहर. युद्धाच्या निकालाची कारणे सांगताना ह्या दोन जातींची तुलना पुष्कळांनी केली आहे. परंतु एकीचे पिल्लू कोठे वाढले आणि दुसरीचे कोठे, हे कोणी विचारीत नाही.

मराठी साधनांत रतीब आहे, पण तो कामाच्या घोड्याचा. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची घडी दिली आहे. पावसाळ्यात लष्कराने छावणीस परतावे, आणि तेथे घोड्यांसाठी दाणा, रतीब, औषधे व गवताने शाकारलेल्या जागा आधीच तयार असाव्यात, असा तो नियम. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडील लष्करातील अंमलदारांस महाराजांनी पाठविलेले पत्र तर प्रसिद्धच आहे. रयतेच्या भाजीलाही हात लावू नये ह्या आज्ञेसाठी ते नेहमी सांगितले जाते. पण पत्राचा आरंभ चाऱ्यापासून होतो. पागेसाठी जमविलेला दाणा, रातीब व गवत आहे तोवर बेहिशेब उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, असा त्याचा आशय आहे. रयतेला लागणारी झळ ही ह्या उपासमारीची पुढची पायरी म्हणून त्यात येते. पोटाला मिळाले नाही की शिपाई गावात शिरणार. रतीब हा शब्द येथे राज्यनीतीचा शब्द आहे.

मग शिंगरू कोठे आहे? ते पागेत नव्हते, म्हणूनच पागेच्या कागदात नाही. मराठ्यांच्या मुलखात घोडी गावात व्यायली. भीमा, नीरा, माण ह्या नद्यांच्या काठांवर कुणब्याच्या दाराशी आणि धनगरांच्या वाड्यावर तट्टे निपजत. 'भीमथडी' ह्या नावातच ते आहे : थडी म्हणजे काठ. आईन-इ-अकबरीतील पिल्लू दावणीला वाढले. थडीवरचे पिल्लू आईच्या मागे चालत वाढले. धनगरांच्या स्थलांतरात संसाराचे ओझे घोडीच्या पाठीवर आणि शिंगरू मोकळे, हे दृश्य आजही पाहावयास मिळते. दोन गायींचे दूध त्यास कोण देणार? पण त्याची आई त्यास लवकर तोडत नव्हती, आणि रोजची काही कोसांची चाल त्यास मिळत होती. वाढत्या हाडास चुन्याइतकीच चालीची गरज असते. हाडावर भार पडला, तरच ते भराव धरते. ठाणबंद ठेवलेल्या पिल्लाचे हाड उत्तम खाऊनही पातळ राहते. चराईही एका जातीची नव्हे. पवना, मारवेल, ओढ्याकाठची हरळ, बांधावरच्या रानवेली, काढणीनंतरच्या शेतातील कुळथाचा व हरभऱ्याचा भुसा, असा तो मिश्र चारा. द्विदलाच्या पाल्यात चुना भरपूर असतो. काळ्या जमिनीत पसरलेले चुनखडीचे खडे पाहिले म्हणजे येथील चाऱ्यास आणि पाण्यास चुना कोठून मिळतो, हे कळते. तुटवडा असलाच तर तो अंगभर खाण्याचा, विशेषतः उन्हाळ्यातला; हाडाच्या द्रव्याचा नव्हे.

१८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी दख्खनी तट्टाविषयी लिहिताना कष्टाळूपणाची तारीफ केली आणि उंचीविषयी नाक मुरडले. उपाय म्हणून परदेशी नर आणले गेले. ह्या निवाड्यात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे, असे माझे मत आहे. लहान असणे आणि खुरटणे हे एक नव्हे. खुरटलेल्या पिल्लाचे सांधे सुजतात, पाय वाकतात, ते लांब पल्ला तोडीत नाही. आणि पल्ला तोडणे हाच तर ह्या तट्टाचा लौकिक होता. उन्हाळ्याच्या उपासाने उंची काही अंगुळे घटली असेल, हे मान्य. पण सावकाश वाढलेले, चालून घट्ट झालेले, द्विदलावर पोसलेले हाड चिवट होते. तट्टाची उंची मोजणाऱ्याने त्याच्या नळीवर हात फिरवून पाहावयास हवा होता. ह्या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद होण्यास मात्र विसाव्या शतकानंतरची दोन दशके लोटावी लागली. इतकी वर्षे ती टिकविण्याचे श्रेय दप्तरांस नसून वाड्यांवरच्या धनगरांस आहे.

ह्या शोधाच्या निमित्ताने नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दोन दिवस घालविले. तेथील बाजारात मला दोन्ही परंपरा दिसल्या, पण आपापला विवेक सांडलेल्या. एका मालकाचे दीड वर्षांचे शिंगरू तीन वर्षांच्या घोड्याएवढे भरलेले होते. दूध, तूप, बदाम, गव्हाचा कोंडा आणि भरडलेला मका, असा खुराक त्याने अभिमानाने सांगितला. शिंगरू दिवसभर खुंट्याला. मागच्या पायांचे सांधे फुगलेले. 'गिऱ्हाईक अंग बघतंय, सर, सांधा कोण बघतंय?' असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बाजारापुरते खरे होते. दूध तेच, परंतु आईन-इ-अकबरीतील सावकाशी नाही. दाणा आहे, परंतु थडीवरची चाल नाही. आणि चक्कीवाल्याचा कोंडा मात्र आवर्जून आहे.

थोड्या अंतरावर एका वृद्ध गृहस्थांकडे लहान चणीची घोडी व तिचे सात महिन्यांचे पिल्लू होते. चंदी काय देता, असे विचारता 'हुलगे उकडून, दोन मुठी. बाकी रान' एवढेच उत्तर आले. दोन मुठींचे चार मुठी केव्हा करणार, असे मी पुढे विचारले. 'पोळ्याला एक वाढवू. मग संक्रांतीला.' काही महिन्यांच्या अंतराने एकेक मूठ. त्यांच्या बोलण्यात प्रस्थ नव्हता, शेर नव्हता, रतीब हा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. मी वहीत सणांची नावे लिहून घेतली.

शहराभोवती चाऱ्यासाठी आता संकरित नेपियर गवत सर्वत्र लावले जाते, आणि घोडे बाळगणारेही तेच घालतात. दुभत्या जनावरास ते चालते, कारण त्याच्या पोटातील जंतू त्यातील ऑक्झॅलेट बऱ्याच अंशी मोडतात. घोड्याच्या पोटात मात्र हे ऑक्झॅलेट चुन्याला धरून ठेवते व तो अंगी लागू देत नाही. ऑस्ट्रेलियात अशाच जातीच्या गवतांवर चरणाऱ्या घोड्यांत, कोंड्याचा कणही न खाता, चक्कीवाल्याचा रोग उद्भवला होता. त्यावर लसूणघासाची जोड द्यावी असे पशुवैद्य सांगतात. लसूणघासात चुना फॉस्फरसाच्या पाचपट असतो. गाभण घोडीच्या शेवटच्या महिन्यांकडेही ते लक्ष वेधतात. सांध्याच्या कूर्चेस लागणारे तांबे पिल्लाला दुधातून फारसे मिळत नाही. ते जन्मापूर्वीच आईकडून त्याच्या यकृतात साठवले जाते. कौटिल्याने पिल्लाच्या आधी घोडीचा आहार सांगितला, तो ह्या कारणाने नव्हे; पण क्रम बरोबर ठरला.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल आहेत आणि त्यांत पागांचे हिशेब आहेत. ते पाहणाऱ्याने कामाच्या घोड्यांच्या रकमा ओलांडून 'घोडी' ह्या नावाखालील रतीब महिन्यागणिक ताडून पाहावा. जेथे एखाद्या घोडीची चंदी अकस्मात वाढलेली आणि काही महिन्यांनी पूर्ववत झालेली आढळेल, तेथे कारकुनाने न लिहिलेले शिंगरू उभे आहे असे समजावयास हरकत नाही.